रुळांखालची माती

कोजागरी झाली की आमच्या नागपुरात हवेला एकदम कोरडेपणा येतो. आंबिया बहाराची संत्री बाजारात दिसू लागतात, घराघरांत भाजणीचा वास सुटतो, आणि स्टेशनवर गर्दी उसळते. पुण्यामुंबईला नोकरी करणारी मुले घरी येतात, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला स्टेशनवर गेलेला माणूस फलाटावरचे घड्याळ पाहतो, सिग्नल पाहतो, इंजिनाचा दिवा पाहतो. रुळांखाली मात्र कोणी पाहत नाही. पाहण्याचे कारणही नसते. तिथे असते काय? खडी, आणि खडीखाली माती.

या मातीविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आले, त्याला निमित्त वर्गातले आहे. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी निम्मा वर्ग रिकामा होता, म्हणून धडा बाजूला ठेवून गप्पा चालल्या होत्या. रेल्वेगाड्या रद्द झाल्याची बातमी कोणीतरी वाचून दाखवली. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, रूळ लोखंडाचे, पूल दगडाचे. मग पावसाने बिघडते काय?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देताना मी अडखळलो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. मुलांना भाषा आणि इतिहास शिकवतो, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. स्थापत्यशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरी प्रश्न डोक्यातून जाईना. कारण त्याचे उत्तर मला लहानपणी एकदा मिळाले होते आणि मी ते विसरलो होतो.

माझे आजोबा नागपूर-वर्धा मार्गावर गँगमन होते, पुढे मुकादम झाले. निवृत्त झाल्यावरही पावसाची झड लागली की त्यांना झोप लागत नसे. खाटेवर उठून बसत आणि कौलांवरचा आवाज ऐकत राहत. मी एकदा विचारले, "आजोबा, एवढ्या पावसाला तुम्ही भिता?" ते म्हणाले, "पोट्ट्या, पडनाऱ्या पान्याचं भेव नाही रे, मुरनाऱ्या पान्याचं हाये." त्या वयात त्यातले काहीच कळले नाही. पुढे वाचत गेलो तेव्हा ध्यानात आले, की मोठमोठ्या पंडितांना शंभर वर्षे झगडून जे सूत्र सापडले, ते आजोबांनी एका वाक्यात सांगून टाकले होते.

पण गोष्ट पहिल्यापासून सांगितली पाहिजे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. त्यानंतर जी. आय. पी. रेल्वेपुढे खरा प्रश्न उभा राहिला तो सह्याद्रीचा. सपाटीवरून रूळ नेणे एक आणि वर्षाला दीड-दोनशे इंच पाऊस झेलणाऱ्या घाटातून नेणे दुसरे. जेम्स बर्कले हे कंपनीचे मुख्य अभियंता. त्यांनी बोरघाट आणि थळघाट अशा दोन्ही वाटा आखल्या. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, तोही दर सदतीस फुटांना एक फूट इतका तिखट. आणि त्यात पंचवीस बोगदे. १८६१ च्या आरंभी या एका घाटावर चाळीस हजारांहून अधिक माणसे खपत होती असे नमूद आहे. पटकीने आणि तापाने त्यातली किती दगावली याची मोजदाद नीट झालीच नाही. ती हजारांत होती एवढे निश्चित. सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज कंत्राटदार १८५९ मध्ये येथे आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने मेला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडले नाही. जाणते अभियंते हाताशी घेऊन तिने ते काम पुरे करून दिले. एका परक्या विधवेने आमच्या डोंगरात पुरी केलेली ही वाट १८६३ मध्ये खुली झाली. बर्कले मात्र ती पाहायला उरले नव्हते. आदल्या वर्षीच ते वारले होते.

घाट जिंकला अशी सर्वांची समजूत झाली. पण अवघ्या चारच वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, घाटातला एक मोठा कमानींचा पूल कोसळला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव 'म्हौ-की-मल्ली' असे येते. पन्नास पन्नास फुटांच्या दगडी कमानी पाहता पाहता दरीत गेल्या. पुढे तपास झाला तेव्हा बाहेरून घडीव दिसणाऱ्या बांधकामाच्या पोटात हलके काम असल्याचे उघड झाले. त्यानंतर त्या मार्गावरचे इतर दगडी पूलही तपासले गेले आणि कित्येक नव्याने बांधावे लागले. पावसाने काय केले? त्याने फक्त परीक्षा घेतली. परीक्षेत नापास होणाऱ्याचा अभ्यास आधीच कच्चा असतो, हे मास्तराला वेगळे सांगायला नको!

याच १८६७ साली आगगाडी भुसावळ, बडनेरा, वर्धा करीत नागपूरला पोहोचली. घाई होती ती कापसाची. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि साऱ्यांच्या नजरा वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळल्या. हिंगणघाटचा, अमरावतीचा कापूस बैलगाडीने बंदराला जायला महिने लागत. रूळ येताच तो दिवसांत जाऊ लागला. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तीही या रुळांच्या भरवशावर.

पण वाचकहो, येथे एक गंमत आहे. ज्या काळ्या मातीसाठी आगगाडी वऱ्हाडात आली, ती काळी माती आगगाडीची वैरीण निघाली!

आमची ही माती शेतकऱ्याची माय आहे. पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात कापूस होतो, तूर होते, रब्बीचा गहू होतो. पण जो गुण शेताला तारतो तोच भरावाला मारतो. या मातीत एक विशिष्ट जातीची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या शेतांतून चालून पाहा. हात जाईल एवढ्या रुंद आणि कमरेएवढ्या खोल भेगा दिसतील. तीच माती आषाढात पायाला अशी चिकटते की चप्पल मागे राहते. एका ऋतूत दगड आणि दुसऱ्या ऋतूत लोणी, अशा मातीचा भराव घालायचा आणि वरून शेकडो टनांची गाडी न्यायची, हे काम सोपे नव्हते.

त्या काळी भराव घालीत कसे? आजच्यासारखी यंत्रे नव्हती. मातीकामाचे पिढीजात कसब अंगी असलेली वडार आणि बेलदार कुटुंबे बिऱ्हाडासकट येत. पुरुष खणीत, बायका टोपल्या वाहत, गाढवांच्या पाठीवरून माती वर चढे. आखलेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना खड्डे घेत आणि त्यांतलीच माती मधे टाकीत. किती खोल खणले हे मोजता यावे म्हणून खड्ड्याच्या मध्यावर मातीचा एक खांब तसाच उभा ठेवीत. मोजणी झाली की तोही काढून घेत. माती टाकून झाली की भराव एक-दोन पावसाळे तसाच बसू देत. पाऊस आणि काळ हेच त्या वेळचे रोलर. नागपूरहून वर्ध्याला जाताना रुळांच्या कडेला जी डबकी दिसतात, ज्यांत श्रावणात कमळे फुलतात आणि बगळे उभे असतात, त्यांतली कित्येक म्हणजे त्या जुन्या खणतीच्या खुणा. गाडीच्या खिडकीतून पाहायला मोठी सुंदर. पण भरावाच्या पायाशी बारा महिने पाणी साचावे, हे त्याच्या प्रकृतीला चांगले नव्हे.

आता आजोबांच्या 'मुरनाऱ्या पान्या'कडे येऊ. वर्गातल्या मुलाला उत्तर द्यायचे म्हणून मी दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात एक प्रयोग केला. बांधकामासाठी आणलेल्या वाळूचा एक ढीग मुलांना करायला लावला. ओंजळीने वाळू ओतत गेले की ढिगाचा उतार एका ठरावीक कोनात उभा राहतो, त्यापेक्षा ताठ होत नाही. कणावर कण रेलतो, एकमेकांना धरून ठेवतो. मग मी ढिगाच्या माथ्यावर झारीने पाणी सोडायला सांगितले. आरंभी काहीच झाले नाही. उलट ओलसर वाळू अधिक घट्ट झाली. मुले हसू लागली. पाणी चालूच ठेवले. थोड्या वेळाने ढिगाच्या पायाशी ओल फुटली, तिथली वाळू पातळ होऊन सरकली, आणि पायाचा आधार जाताच वरचा भाग एकदम बसला. हसणारी मुले गप्प झाली.

भरावाचे असेच होते. कणाकणांमधल्या पोकळीत पाणी भरते तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. माती जड होते, म्हणजे खाली ओढणारी शक्ती वाढते. आणि पोकळीतले पाणी कणांना एकमेकांपासून दूर लोटू लागते, म्हणजे धरून ठेवणारी शक्ती घटते. बाजारात गर्दी असली की आपण मुलाचा हात घट्ट धरतो. पण दोघांच्या मधे कोणी घुसत गेला तर हात किती वेळ टिकेल? पाणी हे असे मधे घुसणारे आहे. चिकणमातीच्या घसरणीचा पद्धतशीर अभ्यास अलेक्झांद्र कोलँ या फ्रेंच अभियंत्याने कालव्यांच्या काठांवर केला आणि १८४६ मध्ये ग्रंथ लिहिला. पण तो दुर्लक्षित राहिला. पुढे कार्ल टेरझागी यांनी १९२५ मध्ये मातीच्या शास्त्राचा पाया घातला आणि कणांमधल्या पाण्याच्या दाबाचे गणित मांडले. म्हणजे बोरीबंदरची गाडी सुटल्यावर बहात्तर वर्षे जगातले सारे अभियंते अनुभवावर आणि अंदाजावर भराव घालीत होते!

पाण्याच्या वाटाही अनेक आहेत. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत पहिला पाऊस थेट पोटात उतरतो. गाड्यांच्या वजनाने खडी मऊ मातीत रुतत जाते, तिथे वाटीसारखे खळगे होतात, त्यांत थेंबे थेंबे तळे साचते, आणि प्रत्येक गाडीबरोबर तो चिखल पिचकारीसारखा खडीतून वर येतो. घुशींची आणि खेकड्यांची बिळे असतात. त्यांतून पाणी आरपार वाहू लागले की बारीक माती आपल्याबरोबर नेते आणि बाहेरून धडधाकट दिसणारा भराव आतून पोकळ होतो. नाल्याला पूर आला आणि मोरी काटक्याकुटक्यांनी तुंबली, तर भराव हा भराव राहत नाही, धरण होऊन बसतो; आणि धरणासारखी त्याची बांधणी कधीच झालेली नसते. आणखी एक गोष्ट जुने गँगमन आवर्जून सांगत: पूर चढताना जेवढी भीती, तेवढीच तो ओसरताना. बाहेरचे पाणी झपाट्याने उतरते, पण मातीत मुरलेले पाणी मागेच राहते. बाजूने टेकू देणारे पाणी गेले की जडावलेली माती ढासळते. पाऊस उघडला, ऊन पडले, लोक सुस्कारा टाकतात, आणि अशा वेळी भराव बसतो.

म्हणून तर हे संकट फसवे. पूल वाहून गेला तर निदान दिसतो. पण मातीचा आधार गेल्यावरही रूळ काही काळ हवेत तसेच ताणलेले राहतात. दुरून येणाऱ्या चालकाला ते सरळच दिसतात.

स्वतंत्र भारताने या फसवेपणाची जबर किंमत १९५६ साली मोजली. २ सप्टेंबरला महबूबनगरजवळ पुराने पूल गेला आणि शंभराहून अधिक माणसे मेली. तीन महिने झाले नाहीत तोच, २३ नोव्हेंबरला, मद्रास राज्यात अरियलूरजवळ पुराच्या पाण्याने आधार खचलेल्या वाटेवर गाडी गेली आणि पुन्हा शंभराहून अधिक माणसे गेली. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी पहिल्या अपघातानंतरच राजीनामा देऊ केला होता. दुसऱ्यानंतर तो स्वीकारला गेला. ही राजीनाम्याची गोष्ट आम्ही मुलांना नेहमी सांगतो आणि सांगावीच. पण तिच्याबरोबर सांगायची दुसरी गोष्ट राहून जाते. त्या आपत्तींनंतर, कोठल्या नाल्याला किती पूर येऊ शकतो याचा हिशेब देशभर नव्याने मांडण्याचे काम हाती घेतले गेले. पाणलोटांप्रमाणे देशाचे विभाग पाडून, पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर धरून पूल आणि मोऱ्या बेतायची रीत पडली. राजीनाम्याने नीती राखली. माणसे राखायची तर मोरीचा हिशेबच करावा लागतो.

कोकणची गोष्ट निराळी आणि तितकीच बोधक आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर खुली झाली. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली नव्वदांहून अधिक बोगदे काढीत सातशेहून अधिक किलोमीटरची ही वाट थोड्या वर्षांत पुरी झाली, याचा साऱ्या महाराष्ट्राला अभिमान वाटला. पण कोकणची जांभी माती आणि कोकणचा पाऊस यांनी पाच वर्षांतच जाब विचारला. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ खोल खोदाईची दरड रुळांवर आली. कारवारहून मुंबईला निघालेली खास गाडी तिच्यावर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. सुट्टी संपवून परतणारी कुटुंबे होती ती. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांनी मत्स्यगंधा एक्सप्रेस पुलावरून खाली गेली.

यानंतर जे झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. खोदायांचे उभे कडे कापून उतार सौम्य केले गेले. दगड अडवायला पोलादी जाळ्या आल्या. पाऊस मोजणारी यंत्रे वाटेवर बसली. पावसाळ्यासाठी निराळे वेळापत्रक झाले, गाड्या हळू चालू लागल्या. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा असा दंडक झाला. कोकणात गणपतीला जाणारा चाकरमानी गाडी रखडली म्हणून कुरकुरतो. त्याचे कुरकुरणे समजू शकते. पण त्या उशिराची किंमत कोणी आधीच भरून ठेवली आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

आमच्या नागपूरकरांना हे सारे दूरचे वाटत असे. येथे वर्षाकाठी अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कोकणाच्या मानाने काहीच नव्हे. पण ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री मध्य प्रदेशात हरद्याजवळ, मुंबई-इटारसी मार्गावर, माचक नदीच्या परिसरातल्या एका लहानशा मोरीवर पाणी चढले आणि रुळांखालचा आधार वाहून गेला. मुंबईहून वाराणसीला जाणाऱ्या कामायनी एक्सप्रेसचे मागचे डबे घसरले. पाठोपाठ समोरून येणारी जनता एक्सप्रेसही घसरली. सुमारे तीस माणसे मेली. त्याआधी काही मिनिटांपूर्वीच तिथून गाड्या सुखरूप गेल्या होत्या. मोठी नदी नव्हे, मोठा पूल नव्हे. एक मोरी आणि थोडी मिनिटे.

आणि मग २९ ऑगस्ट २०१७ चा दिवस उजाडला. गणपतीचे दिवस होते. आदल्या रात्री नागपूरहून मुंबईला निघालेली दुरांतो एक्सप्रेस पहाटे कसाऱ्याचा घाट उतरून गेली होती. उतारू जागे होऊन सामान आवरीत असतील. सकाळी साडेसहाच्या सुमारास आसनगाव आणि वाशिंद यांच्या दरम्यान चालकाला समोर रुळांवर आलेली माती दिसली. त्याने आपत्कालीन ब्रेक लावला. इंजिन आणि नऊ डबे रुळांवरून उतरले, वेडेवाकडे झाले. पण एकही माणूस मेला नाही. त्या सकाळी नागपुरातल्या कित्येक घरांत फोन खणखणत होते. आमच्या आळीतही एका घरी बायका देवापुढे बसून राहिल्या होत्या; नऊच्या पुढे "मी ठीक आहे" एवढे तीन शब्द आले आणि मग आरती झाली. त्याच दिवशी पुढे मुंबई पाण्याखाली गेली आणि वर्तमानपत्रांना दुसऱ्या बातम्या मिळाल्या. ज्या अपघातात कोणी मरत नाही त्याचा इतिहास कोणी लिहीत नाही.

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला हे जाचते. आम्हाला आपत्ती लागते, मृत्यू लागतो, नाट्य लागते. टळलेल्या संकटाचे प्रकरण लिहायचे कसे? २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात उभी राहिली. हजारावर माणसे गाडीत, चहूकडे पाणी. गाडी थांबून राहिली, होड्या आल्या, सगळे सुखरूप बाहेर आले. दोन दिवसांत लोक विसरले. पण मला वाटते, थांबण्याचे शहाणपण हाच या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे.

त्याबरोबरच आणखी एक शहाणपण लागते, ते म्हणजे पाण्याची वाट मोकळी ठेवण्याचे. इंग्लंडात २४ डिसेंबर १८४१ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, रेडिंगजवळच्या सॉनिंगच्या खोदाईत पावसाने माती रुळांवर आली आणि गाडी तिच्यात घुसली. मालडब्यांना जोडलेल्या उघड्या डब्यांतून सणासाठी घरी निघालेली गरीब कारागीर मंडळी होती. त्यांतली नऊ गेली. त्यातून पुढे १८४४ मध्ये तिसऱ्या वर्गालाही छपराचे डबे देण्याचा कायदा झाला. आणि रेल्वेच्या त्याच मायदेशात, १२ ऑगस्ट २०२० रोजी, स्कॉटलंडमध्ये कारमाँट येथे जोराच्या पावसानंतर रुळांवर वाहून आलेल्या खडीने गाडी घसरली आणि तीन माणसे मेली. चौकशीत दिसले ते हे, की उतारावर पाण्यासाठी केलेली चर आराखड्याप्रमाणे बांधलीच गेली नव्हती. पावणेदोनशे वर्षांचे शास्त्र, उपग्रह, यंत्रे, सारे होते. चर तेवढी चुकली होती.

आपल्याकडेही निराळे काय आहे? आज नवा भराव घालताना माती थराथराने दाबतात, काळ्या मातीवर मुरमासारख्या निचऱ्याच्या मालाचा जाड थर देतात आणि मगच खडी टाकतात. ज्ञान आहे, साधने आहेत. पण जुन्या मोऱ्या ज्या काळात बेतल्या त्या काळी भोवती शेते आणि पडीक राने होती. पाणी मुरत मुरत येई. आता तिथे वस्त्या, रस्ते, फरसबंदी अंगणे झाली आहेत. तेवढाच पाऊस दुप्पट घाईने नाल्यावर येतो. पाऊसही पूर्वीचा राहिला नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभराहून अधिक मिलिमीटर पडला, अंबाझरी तलाव सांडला आणि नाग नदी घराघरांत शिरली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. नाल्यात भिंत घालणारा, मोरीच्या तोंडाशी कचरा लोटणारा माणूस स्वतः गाडीतही बसतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही एवढेच.

शेवटी पुन्हा आजोबांकडे येतो. पावसाळी गस्तीवरचा माणूस रात्री हातात कंदील घेऊन एकटा रुळांच्या कडेने चालत जातो. आपल्या हद्दीच्या टोकाला समोरून दुसरा गस्तवाला येतो. दोघे एकमेकांच्या वह्यांची अदलाबदल करतात. ती वही म्हणजे 'मी इथवर आलो होतो' याची साक्ष. मग दोघे पाठ फिरवून आपापल्या वाटेने परत निघतात. ही रीत आजही आहे. कंदिलाच्या जागी विजेरी आली आणि खिशात ठावठिकाणा सांगणारे यंत्र आले. त्याच्या पिशवीत लाल निशाण असते, आणि एका डबीत फटाके असतात. होय, फटाकेच म्हणतात त्यांना! वाट खचलेली दिसली की तो येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावत सुटतो. ६०० मीटरवर रुळावर एक फटाका बांधतो, १२०० मीटरवर दहा दहा मीटरच्या अंतराने तीन बांधतो. इंजिनाचे चाक त्यावर गेले की बार होतो आणि चालक गाडी थांबवतो.

आजोबांनी आपल्या साऱ्या नोकरीत ते रुळावर किती वेळा बांधले, असे मी त्यांना एकदा मोठ्या उत्सुकतेने विचारले होते. ते म्हणाले, "दोनदा." पुढे काय झाले म्हणून मी डोळे विस्फारले. "काय व्हायचं? गाडी थांबली. लोक खिडकीतून वरडले, काहून थांबली म्हणून. मंग सकाळी माती भरली, गाडी गेली." झाली गोष्ट! ना कोणी नाव विचारले, ना कोणी आभार मानले.

माझ्या विद्यार्थ्याला मी हे सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, म्हणजे गाडी लेट झाली तर शिव्या द्यायच्या नाहीत." मी म्हटले, बाबा, शिव्या द्यायच्या की नाही ते तू ठरव, पण पावसाळ्यात रात्री मधेच गाडी थांबली तर एकदा खिडकीतून बाहेर बघ. दूर कुठे विजेरीचा उजेड हलताना दिसला, तर तो आपलाच माणूस आहे असे समज.

या दिवाळीला आपल्या घरची माणसे आगगाडीने सुखरूप येतील. अंगणात फटाके वाजतील, आणि त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल. गस्तवाल्याच्या डबीतले फटाके मात्र पावसाळाभर त्याच्या पिशवीतून हिंडून, न वाजता परत आलेले असतील. त्या न वाजलेल्या फटाक्यांचीही या सणात आठवण असू द्यावी.